चष्मा मिळाला, पण पडदा कोणी पाहिला?

दोन वर्षांपूर्वी आम्ही वस्तीतल्या विहारात नेत्र शिबिर घेतले. संध्याकाळपर्यंत शंभरावर चष्मे वाटले, फोटो काढले, खूश होऊन घरी गेलो. त्या रांगेत धुणीभांडी करणाऱ्या एक ताई होत्या. शुगर आठ वर्षांची. त्यांनाही जवळचा चष्मा मिळाला. पुढच्या पावसाळ्यात त्या आल्या आणि म्हणाल्या, "सिस्टर, उजव्या डोळ्यापुढं काळं जाळं आलंय, हलतंय." सरकारी रुग्णालयात नेले तेव्हा कळले की डोळ्याच्या आत रक्त उतरले आहे. डाव्या डोळ्याला लेझर केले, तो वाचला. उजव्याची नजर पहिल्यासारखी झाली नाही. शिबिरात तिच्या डोळ्यांत थेंब घालून आत पाहायला हवे होते. आमच्यात शिकलेल्या नर्स असूनही ते राहिले.

नंबर काढणे वेगळे आणि डोळा तपासणे वेगळे. चष्म्याचा नंबर समोरच्या अक्षरांवरून निघतो. पडदा मात्र डोळ्याच्या मागच्या भिंतीवर असतो आणि तो बाहुलीतूनच दिसतो. तो पाहण्याचे यंत्र जर्मनीतल्या हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये केले. कुठेही न कापता माणसाच्या रक्तवाहिन्या थेट दिसतात त्या इथे, म्हणून शुगर आणि बीपीने शरीरात काय चालवले आहे तेही डॉक्टरांना इथे कळते.

शुगरमुळे पडद्यावरच्या बारीक वाहिन्या फुगतात, पाझरतात. लाल ठिपके, पिवळे डाग दिसू लागतात. पुढे नव्या कच्च्या वाहिन्या फुटतात, त्या फुटल्या की डोळ्यात रक्त. सुरुवातीला ना दुखत, ना कमी दिसत. "मला तर चांगलं दिसतंय" यावर म्हणूनच विसंबू नका.

बाबासाहेबांना मधुमेह होता आणि शेवटच्या वर्षांत त्यांची नजर मंदावली होती, हे आपण सगळे वाचत आलो. पण घरातल्या शुगरवाल्या आईचे डोळे आतून कधी पाहिले, हे विचारले तर बहुतेक घरांत उत्तर नसते.

दुसरा चोर काचबिंदू. लोक त्याला मोतीबिंदू समजतात आणि "पिकू दे, मग काढू" म्हणून बसतात. मोतीबिंदू काढला की दिसते. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, उरलेली तेवढी थेंबांनी किंवा शस्त्रक्रियेने टिकवता येते. बहुधा आधी कडेचे दिसणे जाते, त्यामुळे लक्षात येत नाही. डॉक्टर आतल्या नसेच्या तोंडाचा खळगा पाहतात. तो मोठा होत असेल तर संशय घेतात, दाब मोजतात. आईवडील किंवा भावंडांना हा आजार असेल तर चाळिशीनंतर नक्की दाखवा.

शुगर निघाली की लगेच आणि मग दरवर्षी पडदा तपासायचा. आधीपासून शुगर असलेल्या गरोदर बाईने पहिल्या तीन महिन्यांत. आणि एक गोष्ट फार घरांत माहीत नसते: ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचे जन्मलेल्या बाळाचा पडदा जन्मापासून ३० दिवसांच्या आत पाहिलाच पाहिजे, फारच लहान असेल तर त्याहूनही आधी. बाळ काचेच्या पेटीतून घरी आले की सगळे विसरतात. सुट्टी देताना आपणच विचारा.

केस पेपरच्या खिडकीवर फक्त "डोळे तपासायचेत" म्हणू नका. "शुगर आहे, थेंब घालून पडदा तपासायचा आहे" असे सांगा. थेंब थोडे झोंबतात. बाहुली मोठी व्हायला अर्धा तास लागतो, नंतर चार-सहा तास जवळचे धूसर दिसते, उजेड डोळ्यात खुपतो. म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडते, हे आम्हाला माहीत आहे. सुट्टीच्या दिवशी बाह्यरुग्ण विभाग बंद असतो हेही. सोबत कोणीतरी न्या, छत्री न्या, गाडी चालवू नका. नंतर डोळा फार दुखला, लाल झाला, उलटी झाली तर त्याच दिवशी परत जा. शुगरच्या गोळ्यांची चिठ्ठी आणि मागच्या तपासणीचा कागद बरोबर ठेवा.

यंदाच्या शिबिरात शुगरवाल्यांची यादी आम्ही वेगळी करणार आहोत. पहिले नाव त्या ताईंचे आहे. डावा डोळा वर्षाचा झाला.