पुरात बुडालेली गाडी: बाहेरून चकाचक, आतून गंज

सेकंड हँड गाडी बघताय? बाजारभावापेक्षा लाखभर स्वस्त मिळतेय? मग हा एपिसोड शेवटपर्यंत ऐका.

ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत पूर आला, जुलै २०२१ मध्ये चिपळूणमध्ये. असंख्य गाड्या पाण्यात गेल्या. त्या सगळ्या भंगारात गेल्या का? तर नाही. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी ती 'टोटल लॉस' धरते. मालकाला पैसे मिळतात आणि गाडी आहे तशी लिलावात जाते. घेणारा ती धुतो, सीट कव्हर बदलतो, पॉलिश मारतो आणि लांबच्या शहरात विकतो. आरसीवर 'पुरात बुडालेली' असा शिक्का नसतो. म्हणजे कागद स्वच्छ, गाडीही स्वच्छ!

मग धोका कुठे? लोकांना वाटतं इंजिनात. तेही खरंच. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे सिलेंडरमध्ये पाणी असताना गाडी चालू केली तर कनेक्टिंग रॉड वाकतो. पण हे लगेच कळतं. खरी डोकेदुखी वायरिंगची. पुराचं पाणी म्हणजे चिखल, गटार, क्षार. ते कनेक्टरच्या पिनांवर बसतं आणि गंज हळूहळू, महिनोन्‌महिने चढत राहतो. सेन्सरचा सिग्नल कधी पोचतो, कधी नाही. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, कधी दिसणारा कधी गायब होणारा बग. टेस्ट ड्राइव्हला सगळं मस्त, सहा महिन्यांनी त्रास सुरू.

आणि हे फक्त पैशाचं नाही बरं का. बऱ्याच गाड्यांत एअरबॅगचा कंट्रोलर पुढच्या दोन सीटच्या मध्ये, अगदी खाली असतो. पाणी आधी तिथेच पोचतं. म्हणजे ऐन अपघातात एअरबॅग उघडेलच याची खात्री नाही.

आता तपासायचं कसं?

सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. टोकाला चिखलाची रेघ दिसते का बघा. वरचा भाग धुतात, आतला राहून जातो.

कार्पेट उचला, स्टेपनीची जागा बघा, सीटखालचे बोल्ट बघा. गंज, गाळ, कुबट वास? किंवा उलट, परफ्यूमचा भपकारा? सावध व्हा.

इग्निशन ऑन करा. एअरबॅग आणि एबीएसचे दिवे काही सेकंद लागून विझले पाहिजेत. लागलेच नाहीत, तर कुणीतरी दिवाच बंद केलेला असू शकतो.

कागदांत तारखा जुळवा. गाडी कुठल्या शहरातली, मालक कधी बदलला? पूरग्रस्त भागातली गाडी पुरानंतर काही महिन्यांतच दुसऱ्याच्या नावावर झाली असेल, तर थेट विचारा. जुनी विमा पॉलिसी मागा. त्यात नो क्लेम बोनस अचानक शून्य झाला असेल तर कारण विचारा. चासिस नंबरवरून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये हिस्ट्रीही काढून घ्या.

शेवटी, ओळखीचा मेकॅनिक आणि स्कॅनर सोबत न्या. विकणारा 'कशाला एवढं?' म्हणत टाळाटाळ करू लागला, तर टोकन देऊ नका. सरळ निघा. गाड्या बाजारात भरपूर आहेत.

चला, भेटू पुढच्या भागात. गाडी शोधणाऱ्या मित्राला हा भाग नक्की पाठवा!