रुग्णालयातील सुरक्षा नियोजन

रुग्णालयातील सुरक्षा नियोजन : आग, धूर, विद्युत् पुरवठ्यातील खंड, ऑक्सिजनचा तुटवडा इ. आपत्तींपासून रुग्ण व कर्मचारी यांचे रक्षण व्हावे म्हणून आगाऊ केलेली व्यवस्था. इतर इमारतींतील माणसे धोका जाणवताच स्वतः बाहेर पडू शकतात. अतिदक्षता विभागातील वा नवजात अर्भकांच्या कक्षातील रुग्णांना ते शक्य नसते. या नियोजनाचा पाया हाच होय.

महाराष्ट्रात खाजगी शुश्रूषागृहांना १९४९ च्या अधिनियमानुसार नोंदणी करावी लागते. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक अभिकरणाचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत सादर करणे ही इमारतीच्या मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी आहे.

आगीत ज्वालांपेक्षा धूर अधिक घातक ठरतो. कोलकाता येथील एका खाजगी रुग्णालयात ९ डिसेंबर २०११ रोजी तळघरातील ज्वालाग्राही साहित्य पेटले. धूर वरच्या मजल्यांवर पसरून सु. ९० जण मृत्युमुखी पडले. म्हणून प्रत्येक मजल्याचे अग्निरोधक भिंती व दारे यांनी विभाग पाडतात. आग लागल्यास खाटेवरील रुग्णास प्रथम त्याच मजल्यावरील शेजारच्या सुरक्षित विभागात हलवितात. जिन्याने खाली नेणे हा त्यानंतरचा टप्पा होय. ही दारे उघडी अडकवून ठेवल्यास किंवा मार्गिकेत सामान रचल्यास ही योजना निष्फळ ठरते.

हवेत ऑक्सिजनचे प्रमाण सु. २१% असते. ते थोडे वाढले, तरी कापड व प्लॅस्टिक सहज पेटून वेगाने जळतात. त्यामुळे अतिदक्षता विभागात वायुवीजन आणि विद्युत् भाराची नियमित तपासणी आवश्यक असते. ऑक्सिजनचा पर्यायी साठाही तितकाच महत्त्वाचा असतो. नाशिक येथे २१ एप्रिल २०२१ रोजी टाकीच्या गळतीमुळे पुरवठा विस्कळीत होऊन किमान २२ रुग्ण दगावले.

भंडारा येथील जिल्हा रुग्णालयाच्या नवजात अर्भक कक्षात ९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर लागलेल्या आगीत १० अर्भके मरण पावली. रात्री कर्मचारी मोजकेच असतात. म्हणून धूरसूचक यंत्रे, कक्षातील अखंड उपस्थिती आणि कोणी कोणत्या रुग्णास हलवावे याची ठरलेली वाटणी यांना विशेष महत्त्व आहे. रंगीत तालीम रात्रपाळीतही घेतल्यासच योजनेतील उणिवा वेळीच लक्षात येतात. प्रमाणपत्र तपासणीच्या दिवसाची स्थिती दर्शविते; उरलेल्या दिवसांची सुरक्षितता कर्मचाऱ्यांच्या सरावावर व दक्षतेवर अवलंबून असते.