डॉलर वधारतो तेव्हा नेमकं काय होतं?

रुपया घसरल्याची बातमी आली की डॉलरविषयी काही ठरावीक विधानं हमखास कानावर पडतात. त्यांतली बरीचशी चुकीची असतात, आणि त्यांच्या भरवशावर माणसं कष्टाच्या पैशाचे निर्णय घेतात. म्हणून ती एकेक करून तपासायला हवीत.

गैरसमज : १९४७ साली एक डॉलर एका रुपयाला मिळत होता.

वस्तुस्थिती : तेव्हा रुपया ब्रिटिश पौंडाशी बांधलेला होता. एका पौंडाला सुमारे १३.३३ रुपये पडत आणि त्याच पौंडाचे चार डॉलरहून थोडे जास्त येत. म्हणजे डॉलरचा भाव होता साधारण ३.३० रुपये. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडापाठोपाठ रुपयाचंही अवमूल्यन झालं आणि डॉलर ४.७६ वर गेला. जून १९६६ मध्ये तो ७.५० झाला. शिवाय विनिमय दरावर देशाची अब्रू मोजता येत नाही. एका डॉलरला शंभराहून अधिक येन मोजावे लागतात, म्हणून जपान गरीब ठरत नाही.

गैरसमज : डॉलरच्या मागे सोनं आहे.

वस्तुस्थिती : १९४४ च्या ब्रेटन वुड्स करारानुसार परदेशी सरकारांना ३५ डॉलरला एक औंस सोनं मिळे. १५ ऑगस्ट १९७१ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी ही सोय बंद केली. आज डॉलर उभा आहे तो विश्वासावर आणि गरजेवर. अमेरिकी सरकारी रोख्यांचा बाजार इतका मोठा आहे की तिथे हवे तेव्हा पैसे मोकळे करता येतात. कच्च्या तेलाचे बहुतेक व्यवहारही डॉलरमध्येच होतात.

गैरसमज : डॉलर इंडेक्स पडला की रुपया वधारतोच.

वस्तुस्थिती : १९७३ पासून मोजल्या जाणाऱ्या या निर्देशांकात डॉलरची तुलना फक्त सहा चलनांशी होते : युरो, येन, पौंड, कॅनेडियन डॉलर, स्वीडिश क्रोना आणि स्विस फ्रँक. एकट्या युरोचा भार ५७.६ टक्के. रुपया त्यात नाही आणि चीनचा युआनही नाही. २०२५ च्या पहिल्या सहामाहीत इंडेक्स सुमारे दहा टक्क्यांनी पडला. रुपया मात्र वर्षारंभी जिथे होता, जूनअखेर जवळपास तिथेच होता.

गैरसमज : अमेरिका अडचणीत आली की डॉलर कोसळतो.

वस्तुस्थिती : सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी गुंतवणूक बँक बुडाली. संकट अमेरिकेत जन्मलेलं, तरी पुढच्या काही आठवड्यांत वधारला तो डॉलरच. कारण जगभरच्या बँकांची देणी डॉलरमध्ये होती आणि ती फेडायला डॉलरच लागत होते. ही टंचाई इतकी तीव्र होती की फेडरल रिझर्व्हला, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेला, १४ परदेशी मध्यवर्ती बँकांना डॉलर पुरवण्याची सोय करावी लागली. मात्र हा काही नियम नव्हे. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने आयातशुल्क वाढवल्यावर शेअर बाजाराबरोबर डॉलरही घसरला.

गैरसमज : सेन्सेक्स सावरला की परदेशी गुंतवणूकदाराचं नुकसान भरून निघतं.

वस्तुस्थिती : जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१,००० ला पोचला, तेव्हा डॉलर ३९ रुपयांच्या आसपास होता. समजा, कुणी एक लाख डॉलर आणून ३९ लाखांचे शेअर घेतले. मोठ्या पडझडीनंतर नोव्हेंबर २०१३ मध्ये सेन्सेक्स पुन्हा २१,००० वर होता, पण डॉलर ६२ च्या घरात गेला होता. ३९ लाख परत नेताना हाती आले जेमतेम ६३,००० डॉलर. लाभांश सोडला तर भांडवलाचा एक तृतीयांशाहून मोठा हिस्सा विनिमय दरानेच खाल्ला.

रुपया घसरू लागला की परदेशी संस्था विक्रीची घाई करतात ती याच भीतीने. विकून आलेल्या रुपयांचे त्या डॉलर घेतात आणि रुपया आणखी खाली जातो. मे २०१३ मध्ये फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष बर्नान्के यांनी रोखेखरेदी कमी करण्याचा नुसता इशारा दिला, तर ५५ च्या आसपासचा डॉलर ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात ६८ च्या पुढे गेला.

आपल्यालाही हाच हिशेब लागू पडतो. अमेरिकी शेअरच्या फंडाचा परतावा पाहताना त्यातला किती शेअरचा आणि किती रुपयाच्या घसरणीचा, हे वेगळं काढून पाहावं. रुपया सावरला तर दुसरा भाग उलटा फिरतो. आणि मुलीच्या अमेरिकेतल्या शिक्षणासाठी पैसे साठवत असाल, तर लागणारी रक्कम डॉलरमध्ये ठरवा आणि दरवर्षी त्या दिवसाच्या भावाने रुपयांत मांडून बघा.