अभ्यासाची गोडी कशी लागते?

'सर, हे परीक्षेला आहे का?' हा प्रश्न ज्याच्या कानी आला नाही असा शिक्षक विरळाच. विचारणाऱ्या विद्यार्थ्याचा आम्हांस राग येत नाही; गुण मिळविणे म्हणजेच शिकणे, ही समजूत आम्ही वडीलधाऱ्यांनीच त्याच्या मनात रुजविली आहे. तथापि 'नाही' असे उत्तर मिळताच वर्गातील निम्म्या वह्या मिटतात, तेव्हा मन खिन्न होते. मग मुले शिकतात ती कशामुळे? धाकाने, बक्षिसाच्या आशेने, की आणखी कशाने?

या प्रश्नाचा विचार आम्हां बडोदेकरांनी करणे उचितच होय. श्रीमंत महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आरंभिला आणि १९०६ साली कायदा करून ते शिक्षण साऱ्या बडोदे संस्थानास लागू केले. त्या कायद्याचे ऋण फार मोठे आहे. परंतु कायदा मुलाला बाकावर आणून बसवितो. त्याचे मन पाठात रमविणे कायद्याच्या हाती नसते. ते काम वर्गातच व्हावे लागते.

त्यासाठी सर्वांना प्रथम सुचणारा उपाय म्हणजे बक्षीस. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत लेपर, ग्रीन व निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी केलेला एक प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. रंगीत पेनांनी चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेली तीन ते पाच वर्षांची मुले त्यांनी निवडली व त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटास 'चित्र काढाल तर प्रशस्तिपत्र मिळेल' असे आधी सांगितले. दुसऱ्या गटास काही न सांगता चित्र काढून झाल्यावर तेच पत्र दिले. तिसऱ्यास काहीच दिले नाही. एकदोन आठवड्यांनी वर्गात तीच पेने पुन्हा ठेवली, तेव्हा पहिल्या गटातील मुलांनी इतरांच्या मानाने सुमारे निम्माच वेळ चित्रे काढली. जे काम आनंदाचे होते ते मोबदल्याचे झाले आणि मोबदला संपताच गोडीही ओसरली. मात्र यावरून बक्षीस वाईटच असे कोणी समजू नये. अकल्पित मिळालेल्या पत्राने दुसऱ्या गटाचे काहीच बिघडले नाही. शिवाय जेथे मुळी आवडच नसते, तेथे पहिले पाऊल टाकण्यास लहानसे बक्षीस साहाय्यभूत होऊ शकते.

कौतुकाचेही असेच आहे. म्युलर व ड्वेक या विदुषींनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाचव्या इयत्तेच्या मुलांना काही कोडी घातली. कोडी सुटल्यावर काहींना 'तुम्ही हुशार आहात' असे म्हटले, तर काहींना 'तुम्ही फार मेहनत घेतली' असे. पुढे अवघड कोड्यांत सर्वांनाच अपयश आले. त्यानंतर पहिल्याइतकीच सोपी कोडी दिली, तेव्हा 'हुशार' म्हणविलेली मुले मागे पडली आणि मेहनतीची शाबासकी मिळालेली पुढे गेली. हुशार ठरलेल्यांपैकी कित्येकांनी तर आपले गुण वाढवून सांगितले. ज्याला हुशारीचा लौकिक सांभाळावयाचा असतो त्याला चूक करण्याची भीती वाटते; आणि चुकण्याची भीती बाळगणारा नवे काय शिकणार?

मग गोडी लागते कशाने? आमच्या वर्गातील एक साधा प्रसंग सांगतो. लोलकाचा पाठ होता. 'एकाच लांबीच्या दोऱ्यांना एक जड व एक हलका दगड बांधला, तर कोणाचा झोका लवकर पुरा होईल?' असे आम्ही विचारले. वर्गात दोन तट पडले. बहुतेकांचे मत जड दगडाकडे होते. मग मुलांनीच दगड बांधले, लहान झोके दिले आणि घड्याळ लावून वीस वीस झोके मोजले. वेळ जवळजवळ सारखाच! 'मग वेळ बदलतो तरी कशाने?' हा पुढचा प्रश्न एका मुलीने विचारला, आम्ही नव्हे. दोरी चौपट लांब केली की झोक्याचा वेळ दुप्पट होतो, हे तास संपण्यापूर्वी त्यांनी स्वतःच शोधून काढले. त्या दिवशी परीक्षेची आठवण कोणालाही झाली नाही.

आधी स्वतः तर्क करावयाचा, तो ताडून पाहावयाचा, चुकला तरी कोणी हसावयाचे नाही, आणि काल न येणारी गोष्ट आज आली हे आपले आपणास दिसावयाचे, यातूनच गोडी उपजते असे आम्हांस वाटते.

विद्यार्थिमित्रहो, वार्षिक समारंभात ज्यांना पारितोषिके मिळाली त्यांचे अभिनंदन. ज्यांना मिळाली नाहीत त्यांनी मन लहान करू नये. आणि पालकांस एक विनंती: संध्याकाळी मूल घरी आले म्हणजे 'किती गुण मिळाले?' याआधी 'आज काय नवे कळले?' असे एकदा अवश्य विचारावे.