अवतरणचिन्हं लावूनही सापडत नाही तेव्हा

परवा एका ताईंचा मेसेज आला. त्यांच्या वडिलांनी मंडळाच्या जुन्या स्मरणिकेत लेख लिहिला होता. त्यात 'सह्याद्रीच्या दऱ्या' हे शब्द आहेत, एवढं त्यांना पक्कं आठवतंय. ते अवतरणचिन्हांत घालून शोधले, तर एकही निकाल नाही. वडील आता नाहीत, विचारणार कुणाला?

आधी एक समजून घ्या. शोधताना यंत्र लेख वाचत बसत नाही. पुस्तकाच्या शेवटी असते तशी शब्दसूची त्याने आधीच करून ठेवलेली असते: कोणता शब्द, कोणत्या लेखात, कितव्या जागी. नुसते दोन शब्द दिलेत, तर ते दोन टोकांना असलेला लेखही पुढे येतो. अवतरणचिन्हं लावलीत, की शब्द शेजारी आणि त्याच क्रमाने हवेत.

आपल्यातल्या आयटीवाल्यांसाठी: इलॅस्टिकसर्चमध्ये हे काम 'मॅच_फ्रेज' करतं. 'अचूक' म्हटलं की बरेच जण 'टर्म' वापरतात आणि फसतात (मीही फसलोय, तेही क्लायंटसमोर). टेक्स्ट फील्डमधला इंग्रजी मजकूर सूचीत जाताना सुटा होतो, लहान अक्षरांत जातो. 'टर्म' मात्र तुमचा शब्द जसाच्या तसा नेतो. त्यामुळे इंग्रजीत कॅपिटल 'पी' लिहून पुणे शोधलंत, तर हाती शून्य. 'टर्म' ठेवा सभासद क्रमांकासारख्या 'कीवर्ड' फील्डसाठी.

ताईंची अडचण मात्र वेगळी निघाली: आपला मराठी 'ऱ्या'! डोळ्यांना एकच दिसतो, पण संगणकात तो दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एकात खाली टिंब असलेला ऱ असतो. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण. यंत्र बसवणाऱ्याने दोन्ही एकरूप केले नसतील, तर यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. 'ॲ'चीही हीच रड.

उपाय साधा आहे. अडचणीचं अक्षर टाळून लेखातले दुसरे शब्द द्या, किंवा त्याच काळातल्या मजकुरातून तो शब्द कॉपी करून चिकटवा. ताईंनी त्याच स्मरणिकेच्या संपादकीयातला 'दऱ्या' उचलून चिकटवला. एकच निकाल आला, खाली वडिलांचं नाव.