पेणची माती, रोह्याची रसायने आणि एक समीकरण

रायगड जिल्ह्यातील पेण शहरात आणि तालुक्यातील हमरापूर, जोहे या गावांत गणपतीचे कारखाने वर्षभर चालू असतात. तेथील शाडूच्या मूर्तीला तडा का जातो, हा प्रश्न मूर्तिकाराचा जितका, तितकाच पदार्थांचा अभ्यास करणाऱ्या यंत्र अभियंत्याचाही आहे. ओल्या मातीचा पृष्ठभाग आधी वाळून आकसतो, गाभा मात्र ओला आणि फुगलेलाच राहतो, त्यामुळे बाहेरचा थर ताणला जातो आणि ताण सोसण्याची मातीची कुवत संपली की तो फाटतो. ही घडामोड समीकरणांत मांडणे म्हणजे तिचे गणिती प्रतिमान तयार करणे.

उष्णतेच्या वहनाचे जे गणित जोझेफ फूरिये यांनी १८२२ च्या ग्रंथात मांडले होते, तेच जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ आडोल्फ फिक यांनी १८५५ साली विसरणाला, म्हणजे दाट भागाकडून विरळ भागाकडे होणाऱ्या पदार्थाच्या प्रसाराला, लावले. त्यानुसार आतला ओलावा बाहेर येण्यास लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मूर्तीची भिंत एका सेंटीमीटरऐवजी दोन सेंटीमीटर केली, तर वेळ दुप्पट नव्हे, चौपट लागतो. मूर्ती आतून पोकळ असण्याचा एक फायदा हाच.

पण भर पावसाळ्यात कोकणात हा नियम जसाच्या तसा लागू पडत नाही, आणि प्रतिमान रचणाऱ्याचा कस येथेच लागतो. हवा बाष्पाने भरलेली असली की पृष्ठभागापर्यंत आलेला ओलावाही सहजी उडून जात नाही. अडथळा मातीत न राहता हवेत जातो, आणि वेळ साधारणपणे जाडीच्याच प्रमाणात वाढतो. म्हणूनच दमट दिवसांत पंखा कामी येतो, तर कोरड्या हवेत तोच पंखा तडे पाडू शकतो. मुख्य अडथळा कोणता हे एकदा ठरले की समीकरणातील बरीच पदे खुशाल वगळता येतात. सगळेच सामावून घेऊ पाहणारे प्रतिमान सहसा कोणाच्याच उपयोगी पडत नाही.

रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत, आणि अशा कारखान्यांत ओलाव्याची जागा उष्णता घेते. प्रयोगशाळेतील एक लिटरच्या पात्रात सुरळीत होणारी, उष्णता बाहेर टाकणारी प्रक्रिया त्याच घडणीच्या हजार लिटरच्या रिअ‍ॅक्टरमध्ये नेली, तर उष्णता हजारपट निर्माण होते, पण ती बाहेर काढणारा पृष्ठभाग शंभरपटच वाढतो. शिवाय तापमानाबरोबर प्रक्रियेचा वेग झपाट्याने चढतो, तर बाहेर जाणारी उष्णता केवळ तापमानातील फरकाच्या प्रमाणात वाढते. ही उष्णता कोणत्या टप्प्यावर आवाक्याबाहेर जाते, हे रशियन शास्त्रज्ञ निकोलाय सेमेनोव्ह यांनी १९२८ साली दाखवले. त्यांनी मिश्रणाचे तापमान पात्रात सर्वत्र सारखे मानले होते. ढवळणारे यंत्र बंद पडले की हे गृहीतक कोसळते, गाभा अधिक तापतो, आणि दाविद फ्रांक-कामेनेत्स्की यांनी १९३९ साली केलेल्या मांडणीकडे वळावे लागते. तीत फूरिये यांचेच समीकरण आतल्या आत निर्माण होणाऱ्या उष्णतेचे एक पद जोडून येते, आणि धोक्याची मर्यादाही पात्राच्या त्रिज्येच्या वर्गावर अवलंबून राहते.