‘ताई, फक्त एक सही!’

वडिलांचं वर्षश्राद्ध होऊन जातं आणि एके दिवशी मुंबईहून भावाचा फोन येतो, ‘ताई, दोन दिवस इकडे येऊन जा. बाबांची जागा नावावर करायचीय. फक्त तुझी एक सही लागेल.’ घाटकोपरची ती दोन खोल्यांची जागा बाबांनी पै-पै साठवून घेतलेली. ताई साताऱ्याला किंवा चिपळूणला आपल्या संसारात. ती बॅग भरते, भाचरांसाठी लाडू घेते, मुंबईत जाऊन दाखवतील तिथं सही करते आणि रात्रीच्या गाडीनं परत येते. आपण नेमकं काय लिहून दिलं, हे बऱ्याच जणींना घरी परतल्यावरच कळतं. काहींना तर कधीच कळत नाही.

मैत्रिणींनो, बहुतेक वेळा तो कागद असतो हक्कसोडपत्राचा. ‘या मिळकतीतला माझा हक्क मी स्वखुशीनं सोडत आहे’ असा त्याचा अर्थ. म्हणजे त्या सहीनं नुसतं भावाचं नाव लागत नाही, आपलं नाव जातंही.

पण मुळात आपला हक्क असतो का? असतो. हिंदू वारसा कायदा १९५६ चा आहे. वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल तर त्यांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत पत्नी, मुलगे, मुली आणि वडिलांची आई हयात असेल तर तीही, सगळ्यांना सारखा वाटा मिळतो. आई, भाऊ आणि तुम्ही असे तिघंच असाल तर प्रत्येकाचा एक तृतीयांश. मुलीचं लग्न झालं म्हणून तो कमी होत नाही. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतही २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो पक्का केला. हा कायदा हिंदूंप्रमाणे बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे. मुस्लिम, ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांचे वारसा नियम वेगळे आहेत.

‘अगं, पण सोसायटीत नॉमिनी म्हणून दादाचंच नाव आहे,’ असं हमखास ऐकवलं जातं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार तर नॉमिनी हा फक्त तात्पुरता सभासद असतो, खरे वारस सभासद होईपर्यंतचा. महापालिकेच्या कराचं बिल किंवा विजेचं बिल कुणाच्या नावावर आहे, यावरूनही मालकी ठरत नाही.

म्हणूनच तर भावाला तुमची सही लागते! जागेतला हक्क सोडायचा तर १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे दस्त नोंदवावाच लागतो. नोटरीचा शिक्का पुरत नाही. मुंबई उपनगर जिल्ह्यात अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला असे तीन तालुके. घाटकोपर, मुलुंड हे कुर्ला तालुक्यात येतात, त्यामुळे तिकडच्या दस्तावर ‘सह दुय्यम निबंधक, कुर्ला’ असं दिसलं तर गोंधळू नका. कार्यालयात तुमचा फोटो काढतात, अंगठ्याचा ठसा घेतात आणि दस्त लिहून दिल्याचं कबूल आहे का, असं विचारतात. ओळख पटवायला माणसं लागतात. सगळं काही मिनिटांत उरकतं. तुमच्यावर अन्याय होतोय का, हे बघणं मात्र निबंधकांचं काम नाही. ते विचारतात, तुम्ही ‘हो’ म्हणता, संपलं.

एकदा नोंदलेला दस्त नंतर ‘मला समजलंच नव्हतं’ म्हणून रद्द होत नाही. त्यासाठी दिवाणी न्यायालयात जाऊन फसवणूक किंवा दबाव सिद्ध करावा लागतो, तोही कळल्यापासून ३ वर्षांच्या आत दावा लावून.

मग करायचं काय? दस्ताचा मसुदा आठवडाभर आधी घरी मागवून घ्या. तो मराठीत नसेल तर समजावून घ्या. गावातल्या ओळखीच्या वकिलाला दाखवा, त्याची फी वाया जात नाही. हक्क कुणाच्या नावे सोडताय ते पाहा. भावाऐवजी आईच्या नावेही तो सोडता येतो, म्हणजे म्हातारपणी तिच्या डोक्यावरचं छप्पर तिचं राहतं. मोबदला ठरला असेल तर तो आकडा दस्तात लिहिलेला हवा, तोंडी नको. ‘तुला यायला जमत नसेल तर कुलमुखत्यारपत्र पाठव’ म्हणाले तर त्यातला शब्दन्‌शब्द वाचा. कोऱ्या कागदावर तर सही नकोच. नोंदणी झाल्यावर दस्ताची प्रत आणि ‘सूची क्रमांक दोन’चा उतारा मागून घ्या. आपण काय दिलं, याचा तो पुरावा असतो.

याचा अर्थ भावाशी भांडा, असा अजिबात नाही. आईबाबांची शेवटची आजारपणं भावानं आणि वहिनीनं काढली असतील, तुम्हाला काही कमी नसेल, तर आनंदानं हक्क सोडा. देण्यातही मोठेपणा असतो. पण आपल्या हातात काय आहे हे माहीत असेल, तरच ते ‘दिलं’ असं म्हणता येतं. नाहीतर ते नुसतं आपल्या हातून गेलेलं असतं.

पुढच्या वेळी फोन आला, ‘ताई, फक्त एक सही’, तर रागावू नका, रडूही नका. एवढंच म्हणा, ‘येते रे. आधी कागद पाठव.’